एका रेघेचं रसग्रहण

ब्लड आगरची एक प्लेट समोर धरू. नऊ सेंटिमीटर व्यासाची, गर्द लाल. काल दुपारी तिच्यावर एका जखमेतला पू लावला होता, रात्रभर ती ३७ अंशांच्या इनक्युबेटरमध्ये होती, आणि आता सकाळी उजेडात आली आहे. एका कडेला वाढ इतकी दाट की नुसता करडा पट्टा दिसतो. तिथून रेघा पुढे सरकतात तशी वाढ विरळ होत जाते. शेवटच्या टोकाला लहानमोठे गोल ठिपके एकमेकांपासून सुटे उभे आहेत. प्रयोगशाळेत त्यांना कॉलन्या म्हणतात. काही मोठ्या, करड्या, ओलसर. काही लहान, पिवळसर आणि भोवती पारदर्शक कडं असलेल्या. पू एकच होता, पण त्यात दोन वेगळे जीवाणू होते, हे या शेवटच्या टोकाने सांगितलं.

सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत अशा प्लेट्स रोज तयार होतात, वाचल्या जातात आणि काम संपलं की ऑटोक्लेव्हमध्ये जाऊन नष्ट होतात. करणाऱ्याचं नाव त्यांच्यावर नसतं. तरीही ही रचलेली कृती आहे. तिला सुरुवात आहे, गती आहे, आणि सगळी मांडणी शेवटासाठी आहे. म्हणून तिचं रसग्रहण व्हावं असं मला मनापासून वाटतं. ते आत्ताच करायचं कारण असं की जगातल्या मोठ्या प्रयोगशाळांत ही रेघ यंत्र ओढू लागलं आहे. हातातली विद्या यंत्रात उतरते तेव्हा तिच्यातलं काय टिकतं, काय नव्याने येतं आणि काय माणसाकडेच उरतं, हे नीट पाहिलं नाही तर यंत्राची स्तुतीही पोकळ ठरते आणि यंत्राची धास्तीही.

हे पाहायचं नांदेड-लातूरकडून. नांदेडला विष्णुपुरीच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात किनवट-माहूरच्या डोंगराळ भागापासून देगलूर-बिलोलीपर्यंतचे रुग्ण येतात. हिंगोली, परभणी आणि सीमेपलीकडच्या तेलंगणातलेही येतात. लातूरच्या विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेकडे उदगीर, निलंगा, अहमदपूर, औसा या तालुक्यांचा ओढा आहे. २०११ च्या जनगणनेत नांदेड जिल्ह्याची लोकसंख्या ३३ लाखांच्या वर होती, लातूरची २४ लाखांच्या वर. एवढ्या माणसांचं रक्त, लघवी, पू आणि बेडका जिथे वाचला जातो ती टेबलं मात्र मोजकी, आणि तिथली बहुतेक रेघ आजही हातानेच ओढली जाते.

या कृतीचा आशय थोडक्यात सांगता येतो: मिसळलेलं वेगळं करणं. जर्मन डॉक्टर रॉबर्ट कॉखच्या आधी जीवाणू मांसाच्या रसासारख्या द्रवात वाढवत. द्रवात सगळेच एकत्र वाढतात. त्यातला रोगाला कारण कोणता, हे ठरवायला वाव राहत नाही. उकडलेल्या बटाट्याच्या कापावर वेगवेगळ्या रंगांचे ठिपके उगवतात, आणि एकेक ठिपका म्हणजे एकाच जीवाणूचा वंश, हे कॉखने हेरलं. घट्ट पृष्ठभागावर जीवाणू जिथे पडतो तिथेच वाढतो. मग त्याने बटाट्याऐवजी जिलेटिन घेतलं आणि १८८१ मध्ये लंडनच्या आंतरराष्ट्रीय वैद्यक परिषदेत ही पद्धत करून दाखवली. पण जिलेटिन शरीराच्या उबेला वितळतं, आणि काही जीवाणू ते पचवूनच टाकतात. यातून वाट काढली फॅनी हेसे यांनी. कॉखच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या वॉल्टर हेसेंच्या त्या पत्नी. समुद्री शेवाळापासून निघणारं आगर त्या घरी जेली करताना वापरत, तेच त्यांनी सुचवलं. आगर एकदा घट्ट झालं की ८५ अंशांच्या आसपास तापवल्याशिवाय पुन्हा वितळत नाही. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो त्या नांदेडमध्ये जिलेटिनची प्लेट टेबलावरच पाणी झाली असती. आगरची प्लेट इथल्या उन्हाळ्यातही शाबूत राहते. पुढे १८८७ मध्ये ज्युलियस रिचर्ड पेट्रीने झाकणाची काचेची बशी सुचवणारा छोटासा लेख लिहिला, आणि आज आपण वाचतो आहोत ती प्लेट तयार झाली. हाच कॉख १८९७ मध्ये प्लेगच्या अभ्यासासाठी मुंबईत येऊन गेला. वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगची लस तयार केली तो हाच काळ. ही विद्या महाराष्ट्रात येऊन सव्वाशे वर्षं झाली.

आता रचनेकडे वळू. टेक्निशियनच्या हातात लूप असतो: दांड्याला बसवलेली निक्रोमची तार, टोकाला बारीक कडी. तार बर्नरच्या ज्योतीत लाल होईपर्यंत धरायची आणि मग थांबायचं. हे थांबणं रचनेचाच भाग आहे. तापलेली तार तशीच नमुन्यात बुडवली तर हवे ते जीवाणू जळतात आणि तुषार हवेत उडतात. तार निवली की नमुना घ्यायचा आणि प्लेटच्या एका भागात दाट घोळवायचा. पहिलं कडवं संपलं. पुन्हा ज्योत, पुन्हा थांबणं. प्लेट पाव फेरा फिरवायची, पहिल्या भागाच्या कडेवरून लूप दोन-तीनदाच ओढायचा आणि नव्या जागेत रेघा मारायच्या. तिसऱ्या भागातही असंच. चौथ्या वेळी लूप मागच्या रेघांना जेमतेम स्पर्श करतो, मोकळ्या जागेत नागमोडी फिरतो, आणि पहिल्या भागाला न लागता थांबतो. सरावलेल्या हाताला हे सगळं करायला मिनिटही लागत नाही.

या रचनेचं मर्म संयमात आहे. दर टप्प्यावर मागचं थोडंसंच पुढे न्यायचं आणि उरलेलं ज्योतीत जाळून टाकायचं. हात जड पडला तर आगर फाटतं, हलका पडला तर नमुना उतरत नाही. पहिल्या भागातून जास्त ओढलं तर शेवटपर्यंत गर्दीच राहते. इथल्या वाचकाला हे कौशल्य शेतातून ओळखीचं आहे. तिफणीमागे चालत चाड्यावर मूठ धरणारा माणूस बी असं सोडतो की ते तासात एका जागी ढीग होऊन पडत नाही. दाट पडलं तर रोपं एकमेकांना दाबतात, विरळ पडलं तर रान वाया जातं. मूठ धरणारा बदलला की उगवणीत फरक दिसतो. पुढे ट्रॅक्टरवरचं पेरणी यंत्र आलं आणि मुठीतला तो अंदाज यंत्राच्या चकतीत गेला. प्लेटवरच्या रेघेचंही आता तेच होत आहे.

लघवीच्या नमुन्यात या रचनेला मोजमापाची जोड मिळते. तिथे लूपच्या कडीचा आकारच असा की तिच्यात १ मायक्रोलीटर, म्हणजे मिलिलीटरचा हजारावा भाग मावतो. उगवलेल्या कॉलन्या मोजायच्या आणि हजाराने गुणायचं. १०० कॉलन्या म्हणजे मिलिलीटरमागे १ लाख जीवाणू. एडवर्ड कास या अमेरिकी डॉक्टरांनी १९५० च्या दशकात हा १ लाखाचा आकडा मूत्रमार्गाच्या संसर्गाची खूण म्हणून रुजवला. पुढे त्याला अपवाद जोडले गेले, तरी रिपोर्ट लिहिताना तो आजही डोळ्यांसमोर असतो.

या आकड्याशी आपल्याकडचं ऊन आणि अंतर थेट भिडतं. ई. कोलाय हा जीवाणू अनुकूल उबेत २० मिनिटांत दुप्पट होतो. किनवट ते नांदेड हे अंतर शंभरावर किलोमीटर आहे. मे महिन्यात एका बाईच्या लघवीची डबी पिशवीत ठेवून नातेवाईक एसटीत बसला असं समजा. डबीत मिलिलीटरमागे अवघे दोन हजार जीवाणू होते आणि तेही नमुना देताना बाहेरच्या त्वचेवरून उतरलेले. दोन तासांत सहा वेळा दुप्पट, म्हणजे चौसष्ट पट: १ लाख २८ हजार. प्रत्येक डबीत वाढ एवढ्या वेगाने होईलच असं नाही, पण कल हाच. आता रेघ कितीही सुरेख ओढली तरी प्लेट चुकीचं सांगणार, आणि जिला संसर्गच नव्हता त्या बाईला अँटिबायोटिक सुरू होणार. म्हणून नियम आहे की लघवी दोन तासांत प्लेटवर लावावी, नाहीतर ४ अंशांच्या थंडीत ठेवावी किंवा बोरिक ॲसिडच्या नळीत पाठवावी. या कृतीचं पहिलं कडवं रुग्णाच्या हातातल्या डबीत लिहिलं जातं. यंत्राचं मोल ठरवताना हे विसरून चालणार नाही.

यंत्राची रेघ कशी असते? इटलीतल्या ब्रेशियाच्या कोपान कंपनीच्या ‘वास्प’ या यंत्रात रोबोचे हात आहेत. ते डबी उचलतात, बारकोड वाचला जातो, झाकण फिरवून उघडलं जातं, धातूचा लूप नमुन्यात बुडतो आणि प्लेटवर फिरतो. ही शैली हाताची परंपरा पुढे नेणारी. कडी तीच, टप्पे तेच, फक्त मनगट धातूचं. नेदरलँड्समध्ये तयार झालेल्या आणि २०१२ मध्ये बेक्टन डिकिन्सनने विकत घेतलेल्या ‘किएस्ट्रा’ यंत्राने मात्र हाताची नक्कल सोडून दिली. ते प्लेटवर नमुन्याचा थेंब सोडतं, त्यात चुंबकाला चिकटणारी एक छोटी गोळी टाकतं आणि खालून चुंबक फिरवून ती गोळी आगरवर घरंगळवतं. गोळी लोळत जाते तसा नमुना पातळ होत जातो आणि शेवटी एकेक जीवाणू सुटा पडतो. लूप नाही, ज्योत नाही, तरी आशय अबाधित. एकच आशय दोन अगदी वेगळ्या शैलींत तितक्याच ताकदीने उभा राहिलेला पाहणं हा या विषयातला मोठा आनंद आहे. लूप आणि ज्योत ही साधनं होती. कृतीचा प्राण विरळ होत जाण्यात होता, हे गोळीने सिद्ध केलं.

यंत्राने नव्याने आणलेली गोष्ट म्हणजे सातत्य. माणसाचा हात सकाळच्या पहिल्या नमुन्याला ताजा असतो, दोनशेव्याला थकलेला. यंत्राच्या प्लेटवर तो फरक दिसत नाही. हाताच्या आणि यंत्राच्या प्लेट्स शेजारी-शेजारी ठेवून केलेल्या अभ्यासांत यंत्राच्या प्लेटवर सुट्या कॉलन्या जास्त मिळाल्या आहेत. हा फायदा दिसायला लहान वाटतो, पण सुटी कॉलनी मिळाली नाही तर त्या गर्दीतून पुन्हा नव्या प्लेटवर रेघ ओढावी लागते आणि आणखी एक रात्र थांबावं लागतं. अतिदक्षता विभागात व्हेंटिलेटरवर असलेल्या माणसासाठी ती रात्र फार लांब असते. मला या यंत्राचं सगळ्यात मोठं सौंदर्यस्थळ इथे दिसतं. खासगी खोलीतल्या रुग्णाचा नमुना आणि जनरल वॉर्डातल्या मजुराचा नमुना यांना ते सारखाच वेळ, सारखाच दाब आणि सारखीच रेघ देतं. चांगल्या टेक्निशियनची वृत्ती हीच असते. यंत्राने तिला थकव्यापासून वाचवलं.

दुसरं सौंदर्यस्थळ वेळेचं. हाताच्या प्रयोगशाळेत प्लेट वाचली जाते ती सकाळी माणसं कामावर आली की. मग ती १४ तास वाढलेली असो की २२. पूर्ण स्वयंचलित साखळीत इनक्युबेटरचं दार उघडावंच लागत नाही. आतला कॅमेरा प्रत्येक प्लेटची ठरलेल्या तासाला छायाचित्रं घेतो आणि सूक्ष्मजीवशास्त्राचे डॉक्टर ती पडद्यावर वाचतात. वाढ नसलेल्या प्लेट्स यंत्र बाजूला काढतं. तज्ज्ञाची नजर जिथे खरोखर हवी तिथेच खर्च होते.

मात्र यंत्राला रेघ ओढता यावी म्हणून आधी नमुन्यालाच बदलावं लागलं. कापसाच्या बोळ्यावर घेतलेला पू रोबोच्या लूपला उचलता येत नाही. त्याला द्रव लागतो. कापूस शोषलेलं आत धरून ठेवतो. कोपानने २००३ च्या सुमारास वेगळा स्वॅब आणला. त्याच्या टोकावर नायलॉनचे आखूड धागे मखमलीसारखे उभे रोवलेले असतात. नमुना धाग्यांच्या मधल्या फटींत अडकतो आणि नळीतल्या द्रवात घातला की बहुतेक सगळा सुटून येतो. असा स्वॅब आपल्यापैकी लाखोंच्या नाकात २०२० मध्ये गेला आहे. त्या वर्षी मार्चच्या सुरुवातीला मराठवाड्यातल्या संशयितांचे स्वॅब पुण्याच्या एनआयव्हीकडे जात. नांदेडहून पुणे साडेचारशे किलोमीटरच्या आसपास. नंतर लातूर आणि नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत, तसंच स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात तपासणी सुरू झाली. नमुना घेणं, तो टिकवणं, पोचवणं आणि त्यातून विषाणूचा आरएनए वेगळा काढणं ही तपासणीची खरी मेहनत आहे, आणि पीसीआर सुरू होण्याआधीच बराचसा वेळ तिच्यात जातो, हे त्या काळात घराघराला कळलं.

स्वयंचलनाचं एक रूप तर जिल्ह्याच्या ठिकाणी आता रुळलेलं आहे: रक्ताच्या कल्चरची बाटली. प्रौढ माणसाच्या शिरेतून ८ ते १० मिलिलीटर रक्त थेट पोषकद्रवाच्या बाटलीत घेतात. बाटली यंत्राच्या खणात बसते. आत जीवाणू वाढला की तो कार्बन डायऑक्साइड सोडतो, त्याने बाटलीच्या बुडाचा संवेदक बदलतो, आणि यंत्र दर दहा मिनिटांनी तो बदल तपासतं. बॅक्टेक यंत्र त्यासाठी चमक मोजतं; बॅक्टअलर्टमध्ये बुडाचा हिरवट रंग पिवळा होतो. पूर्वी बाटल्या हातात धरून, उजेडात हलवून, गढूळपणा दिसतो का ते पाहत, आणि तेही दिवसातून एक-दोनदा. आता पाच दिवस यंत्र डोळा मिटत नाही. नवजात बाळाच्या रक्तात जंतुसंसर्ग असेल तर हा फरक जीवनमरणाचा असतो. पण यंत्राने रात्री दोनला खूण दिली आणि बाटलीतल्या थेंबाचा ग्रॅम स्टेन करून, म्हणजे तो रंगवून भिंगाखाली पाहून, वॉर्डात फोन करणारं कुणी जागेवर नसेल, तर ती खूण सकाळपर्यंत तशीच राहते. यंत्राने वेळ वाचवला आणि व्यवस्थेने तो घालवला, असं होऊ द्यायचं नसेल तर यंत्राबरोबर रात्रपाळीचा माणूसही मंजूर करायला हवा.

आता या लेखातली माझी सगळ्यात आवडती कृती. ती इटलीची किंवा नेदरलँड्सची नाही, शेजारच्या गोव्याची आहे. मोल्बिओ डायग्नॉस्टिक्स ही गोव्यातली कंपनी, तिचं संशोधन बंगळुरूच्या बिगटेक लॅब्जमध्ये झालं, आणि त्यातून ‘ट्रूनॅट’ आलं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये टीबीच्या पहिल्या तपासणीसाठी त्याची शिफारस केली; त्याच वर्षी आयसीएमआरने ते कोविडच्या तपासणीतही घेतलं. त्याआधी, डिसेंबर २०१० मध्ये, जीनएक्सपर्ट या अमेरिकी यंत्राला संघटनेची मान्यता मिळाली होती. आपल्या टीबी विभागात त्याला सगळे सीबीनॅट म्हणतात. सीबीनॅटने फार मोठं काम केलं आहे. बेडका एका काडतुसात घातला की पुढचं सगळं आतल्या आत होतं आणि दोन तासांच्या आत टीबी आहे की नाही, रिफाम्पिसिन हे टीबीचं मुख्य औषध चालेल की नाही, दोन्ही कळतं. पण त्याला अखंड वीज लागते आणि खोली थंड ठेवावी लागते.

ट्रूनॅटची रचना जवळून पाहू. बेडक्याच्या डबीत पातळ करणाऱ्या द्रावणाचे दोन थेंब टाकतात आणि दहा मिनिटं थांबतात. चिकट, तार सुटणारा बेडका सैल होतो. त्यातला अर्धा मिलिलीटर पेशी फोडणाऱ्या द्रावणात घालतात. मग ते सगळं ‘ट्रूप्रेप’ नावाच्या छोट्या यंत्राच्या काडतुसात ओततात आणि बटण दाबतात. आत एक थर आहे, त्याला डीएनए चिकटतो. यंत्र त्याच्यावरून धुणारी द्रावणं एकामागून एक सोडतं, कचरा काडतुसातच साठवतं, आणि शेवटी डीएनए थोड्याशा स्वच्छ द्रवात सोडवून घेतं. वीस मिनिटांत हे आटोपतं. पुढे या द्रवाचे ६ मायक्रोलीटर एका नळीत टाकतात. तिथलं रसायन सुकवून ठेवलेलं असतं, त्याला फ्रीज लागत नाही. ते विरघळलं की थेंब चिपवर जातो आणि तासाभरापेक्षा कमी वेळात निकाल येतो. यंत्र बॅटरीवर चालतं. टीबी निघाला तर त्याच द्रवातून दुसऱ्या चिपवर रिफाम्पिसिनची तपासणी होते.

धुऊन, मागचं सोडून, हवं तेवढंच पुढे नेण्याची ही कल्पना आपल्या ओळखीची आहे. लूपने जे ज्योतीत केलं ते ट्रूप्रेप धुण्याच्या द्रावणात करतं. रेघेचा आशय काडतुसात उतरला आहे. भिंगाखाली टीबीचा जंतू दिसायला बेडक्याच्या मिलिलीटरमध्ये पाच ते दहा हजार जंतू असावे लागतात. ही तपासणी त्याहून कितीतरी कमी जंतूही पकडते. घट्ट माध्यमावर टीबीचं कल्चर उगवायला आठ आठवड्यांपर्यंत वाट पाहावी लागते. पण माझ्या लेखी ट्रूनॅटचा मोठेपणा वेगापेक्षाही जागेत आहे. ते तालुक्याच्या दवाखान्यातल्या टेबलावर मावतं. लघवीच्या डबीची कथा आठवा: आपल्या भागात नमुना बिघडतो तो वाटेत. वास्प किंवा किएस्ट्रा कितीही देखणी असली तरी ती वाटेच्या शेवटी उभी असतात आणि रोज शेकडो नमुने आले तरच त्यांचा खर्च परवडतो. गोव्याच्या या पेटीने वाटच लहान केली.

रसग्रहणात उणिवाही सांगायला हव्यात. पहिली अशी की यंत्राला थुंकी आणि बेडका यांतला फरक कळत नाही. सकाळी उठल्यावर, चूळ भरून, खोल खोकून छातीतून काढलेला तो बेडका. तोंडातली थुंकी दिली तर टीबी असूनही निकाल ‘नाही’ येऊ शकतो. न्यूमोनियाच्या कल्चरसाठी आलेला बेडका भिंगाखाली आधी पाहतात. कमी शक्तीच्या भिंगात एका दृष्टिक्षेत्रात तोंडाच्या अस्तराच्या पेशी दहापेक्षा जास्त दिसल्या तर नमुना परत करून दुसरा मागतात. असा नमुना परत करण्याचं धैर्य यंत्रात नाही. दुसरी उणीव काडतुसाची. ते फक्त ठरलेल्या प्रश्नाचं उत्तर देतं. मधुमेही शेतकऱ्याच्या पायाच्या जखमेत कोणता जंतू आहे आणि त्याच्यावर कोणतं अँटिबायोटिक चालेल, हे आजही प्लेटवर वाढवून, औषधाच्या चकत्या ठेवून, भोवतीचं मोकळं वर्तुळ मोजूनच सांगावं लागतं. सध्याच्या काळात, जेव्हा नेहमीची औषधं जंतूंपुढे हरत चालली आहेत, तेव्हा ही जुनी रेघ सोडून देणं परवडणारं नाही. तिसरी गोष्ट पुरवठ्याची. चिप किंवा काडतुसं संपली की यंत्र नुसतं टेबलावर बसतं. लूप आणि बर्नरचं तसं होत नाही. चौथी, आणि मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी: रिपोर्टवर जीवाणूचं नाव आलं तरी तो रुग्णाला त्रास देणारा आहे की त्वचेवरून सहज आलेला, हा निवाडा रुग्णाची हकिगत माहीत असलेल्या माणसालाच करता येतो.

म्हणून माझं मत असं. हाताची रेघ ही श्रेष्ठ कृती आहे आणि यंत्राने तिचा अपमान केलेला नाही. उलट तिचं मर्म कोणतं हे यंत्रामुळे स्वच्छ दिसलं. मोठ्या शहरांना रोबोच्या साखळ्या शोभतील आणि उपयोगीही पडतील. नांदेड-लातूरला पैसा आधी खर्च व्हावा तो तीन ठिकाणी: प्रत्येक तालुक्यात नमुन्यावर जागच्या जागी प्रक्रिया करणारी पेटी, नमुन्यासाठी थंड डबा आणि ठरलेल्या वेळेला सुटणारी गाडी, आणि जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत प्लेट वाचणारी पुरेशी शिकलेली माणसं. ‘लातूर पॅटर्न’ या इथल्या शिकवण्याच्या पद्धतीतून दरवर्षी किती मुलं-मुली डॉक्टर व्हायला बाहेर पडतात, त्यांतल्या काहींनी तरी सूक्ष्मजीवशास्त्र निवडावं आणि इथल्याच टेबलावर बसावं, ही मनापासूनची विनंती.

आणि वाचकांना एक सांगणं. घरातल्या कुणाला डॉक्टरांनी कल्चर लिहून दिलं तर अँटिबायोटिकची पहिली मात्रा घेण्याआधी नमुना देता येईल का, हे त्यांना विचारा. लघवी असेल तर स्वच्छता करून मधली धार घ्या, बेडका असेल तर सकाळचा आणि छातीतला द्या. डबीवर नाव घालता तशी नमुना घेतल्याची वेळही लिहा, आणि दोन तासांच्या आत ती प्रयोगशाळेच्या खिडकीवर पोचवा.